तालुका वार्ताहराने छापील पेपरातून डिजिटलकडे कसं जावं

तालुका वार्ताहराचा दिवस ठरलेला असतो. पंचायत समिती, पोलीस ठाणं, बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय असं फिरायचं आणि संध्याकाळी मजकूर नि फोटो जिल्हा कार्यालयाला पाठवून द्यायचे. पुढचं काम डेस्कवर होतं. आडनाव चुकल्यासारखं वाटलं तर उपसंपादक फोन करून विचारतो. आरोप एकतर्फी असेल तर दुसरी बाजू मागतो. अल्पवयीन मुलीचं नाव राहून गेलं असेल तर काढतो, मथळा देतो, जागेप्रमाणे कापतो.

स्वतःचं पोर्टल किंवा चॅनेल काढलं की हा उपसंपादक नाहीसा होतो. बटण दाबलं की बातमी वाचकाच्या हातात, मध्ये कुणी नाही. कॅमेरा, माइक, संकेतस्थळ या गोष्टी महिनाभरात जमतात. डेस्कची ती रिकामी खुर्ची भरायला मात्र शिस्त लागते, आणि पोर्टल टिकणार की नाही हे बहुतेक तिथेच ठरतं. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा त्या शिस्तीला जास्त जागा दिली आहे. लेख एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून सुरुवात करणाऱ्या वार्ताहरांसाठी आहे.

पेपर सोडण्याआधी

एकदम राजीनामा देऊ नका. आधी नेमणूकपत्र काढून वाचा. दुसऱ्या माध्यमासाठी काम करता येणार नाही अशी अट त्यात असेल, तर पेपरात असेपर्यंत काहीही प्रसिद्ध करू नका. पण संकेतस्थळाचं नाव नोंदवणं, जुनी कात्रणं लावणं, टायपिंग बदलणं, व्हिडिओचा सराव ही तयारी तोपर्यंत करता येते. अट नसेल तर संपादकांना लेखी कळवून सहा महिने दोन्ही चालवा. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला नसतील तर हा काळ आणखी वाढवा, कारण पहिल्या सहा महिन्यांत डिजिटलमधून घर चालेल एवढं उत्पन्न येणार नाही असं धरूनच चालावं.

जाहिरातींची वसुली हा सगळ्यांत नाजूक भाग. दिवाळी पुरवणी, वाढदिवस, वर्धापनदिन यांच्या जाहिरातींची बिलं वार्ताहराच्या नावावर थकलेली असतात. ती तशीच ठेवून बाहेर पडलात तर एकीकडे पेपर तुमच्याकडे पैसे मागतो आणि दुसरीकडे तोच जाहिरातदार तुमच्या नव्या पोर्टलला टाळतो. थकबाकीची यादी करा, वसूल होईल ती करा, बाकीची लेखी कार्यालयाकडे सोपवा आणि येणं-देणं नसल्याचं पत्र घ्या.

जुन्या बातम्या कुणाच्या? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीच्या करारात पेपरासाठी लिहिलेला मजकूर दैनिकात-नियतकालिकात प्रसिद्ध करण्याचा हक्क मालकाचा असतो. वेगळा करार नसेल तर बाकी बाबतींत तो लेखकाकडे राहतो. मानधनावरच्या वार्ताहराचं नातं नोकरीचं आहे की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. वादात न पडण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुनी बातमी जशीच्या तशी टाकायची नाही आणि पेपराचं नाव दिसणारं पान तर कधीच टाकायचं नाही. माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. त्यामुळे जुन्या बातमीतली माहिती घ्या, आजची स्थिती विचारा आणि नव्याने लिहा. पाच वर्षांपूर्वी भूमिपूजन झालेल्या पुलाचं आज काय झालं, ही स्वतंत्र बातमी आहे आणि ती तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाही.

त्यासाठी कात्रणांच्या फायली मोबाइलवर स्कॅन करा. प्रत्येक फाइलला वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग विषय असं नाव द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. घ-ध, भ-म अशा जोड्या आणि सगळे आकडे मात्र कात्रणाशी ताडून बघावे लागतात.

टायपिंग: इथे बरेच अडकतात

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर त्या मजकुराचा अर्थहीन अक्षरांचा ढीग होतो, आणि शोधयंत्राला तो कधीच सापडत नाही. वेबसाठी युनिकोडच हवं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ओळख देणारी पद्धत. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला पंधरा-वीस दिवस लागतात आणि ते दिवस वसूल होतात.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढताना ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ बिघडतात. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, कऱ्हाड, वऱ्हाड हे शब्द बघा. कन्व्हर्टर दोन तऱ्हेने चुकतो. एका चुकीत ‘शेतकर्यांना’ असा रफार वर चढतो. ही चूक डोळ्यांना दिसते. दुसऱ्या चुकीत ‘शेतकर्‍यांना’ असं येतं. हे दिसायला जवळपास बरोबर असतं, पण आत एक अदृश्य जोडचिन्ह असतं. वाचकाने ‘शेतकऱ्यांना’ असं शोधलं तर साध्या शोधात तुमची बातमी निसटू शकते. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ येतो, मग डीने हलन्त, मग य.

दुरुस्त करताना ‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ घालू नका, नाहीतर सूर्य, कार्यालय, पर्याय, आचार्य सगळे मोडतील. अदृश्य चिन्ह असलेला ‘र्‍य’ तेवढा सरसकट बदलता येतो; रफाराचा एकेक शब्द बघूनच बदलावा लागतो.

मोबाइलवर बोलून टाइप करणं वेगवान आहे आणि घटनास्थळी ते वापरावंच. पण आडनावं, गावांची नावं, रकमा, गट क्रमांक बोलून टाकू नका, हाताने टाका. चुका नेमक्या तिथेच होतात आणि वाचक नेमक्या त्याच पकडतात.

संकेतस्थळ: नाव तुमच्या नावावर आहे का?

यूट्यूब किंवा फेसबुकवरच सुरुवात केली तर पैसे लागत नाहीत, पण ती जागा आपली नसते. एक तक्रार, एक कॉपीराइट स्ट्राइक (दुसऱ्याचा मजकूर वापरल्याचा ठपका), आणि सगळं जमवलेलं एका रात्रीत जातं. म्हणून साधं का होईना, स्वतःचं संकेतस्थळ पहिल्या दिवसापासून ठेवा.

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं, आणि छोटं होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायची इंटरनेटवरची जागा, काही हजारांत. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो. नूतनीकरणाचा दर आधी विचारा. संकेतस्थळ चालवायला वर्डप्रेस ही प्रणाली पुरेशी आहे.

तालुक्यात ‘न्यूज पोर्टल बनवून देतो’ म्हणणारे भेटतात. काही जण डोमेन स्वतःच्या खात्यावर घेतात, आणि दोन वर्षांनी भांडण झालं की तुमचं नाव, तुमच्या बातम्या, सगळं त्यांच्या हातात राहतं. काम देण्याआधी चार गोष्टी लेखी ठरवा: डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल असंच घ्यायचं, होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडे, वर्डप्रेसचं मुख्य प्रशासक खातं तुमचं, आणि दर महिन्याला पूर्ण बॅकअपची एक प्रत तुम्हाला.

मांडणीत तीन गोष्टी सुरुवातीलाच लावून घ्या.

बातमीचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत ठेवा. मराठी मथळाच पत्त्यात गेला तर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी यांच्या जागी टक्केवारीच्या खुणांसकट नऊ-नऊ चिन्हं येतात. वीस-बावीस चिन्हांच्या मथळ्याची दोनशेच्या आसपास चिन्हांची माळ होते, आणि लोक तिला फसवी लिंक समजून उघडत नाहीत. मथळा लिहिल्यावर पत्ता हाताने लहान करा, तीन-चार शब्दांचा. एकदा पाठवल्यावर तो बदलू नका. बदलावाच लागला तर जुना पत्ता नव्याकडे वळवा.

फोटो थेट मोबाइलमधून चढवू नका. चार-पाच एमबीचा फोटो गावातल्या नेटवर्कवर उघडेपर्यंत वाचक निघून जातो. रुंदी १२०० पिक्सेल, वजन २०० केबीच्या आत, प्रकार वेबपी किंवा जेपीजी. १२०० हा आकडा मनचा नाही. गूगल डिस्कव्हरमध्ये, म्हणजे मोबाइलवर गूगल आपणहून बातम्या सुचवतं तिथे, मोठं छायाचित्र दिसण्यासाठी गूगलने किमान तेवढी रुंदी सांगितली आहे.

आणि प्रत्येक बातमीवर लिहिणाऱ्याचं नाव, प्रसिद्धीची वेळ आणि दुरुस्ती केली असेल तर तिची वेळ.

‘गूगल न्यूजचं अप्रूव्हल मिळवून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. प्रकाशन हाताने नोंदवण्याची जुनी सोय गूगलने २०२४ मध्ये बंद केली. आता नियमांत बसणारा मजकूर यंत्रणा आपोआप उचलते. बातम्यांचा साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रासाठीची लिंकांची यादी, लावा; त्यात शेवटच्या दोन दिवसांच्याच बातम्या असतात. एवढं पुरे.

काय द्यायचं

मुंबई-दिल्लीच्या बातम्या उचलून टाकू नका. त्या वाचकाला आधीच मिळालेल्या असतात, आणि त्यातल्या छायाचित्रांवर दुसऱ्याचा हक्क असतो. तुमची ताकद म्हणजे तालुक्यातले रोज लागणारे आकडे आणि तारखा, ज्यांना छापील पानावर कधी जागाच मिळाली नाही: बाजार समितीचे दर, धरणाचा साठा, मंडळनिहाय पाऊस, पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक, वीजबंद, एसटीच्या बदललेल्या वेळा, नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांतले ठराव. यातलं बरंच सरकारी संकेतस्थळांवर रोज येतं. कृषी पणन मंडळाकडे दर, महारेनवर पाऊस, महाटेंडर्सवर निविदा, ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतींचा खर्च, शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय. नियम म्हणून एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत.

बाजारभावाचं उदाहरण जवळून बघू, कारण वरवर सोपी दिसणारी ही बातमी सगळ्यांत जास्त चुकते. बाजार समितीच्या तक्त्यात चार रकाने असतात: आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. घाईत मथळा कमाल दराचा होतो. पण कमाल दर एखाद्याच चांगल्या वाळलेल्या, स्वच्छ ढिगाऱ्याला मिळालेला असू शकतो. तो मथळा वाचून चाळीस किलोमीटरवरचा शेतकरी भाड्याने गाडी करून ओलसर सोयाबीन घेऊन येतो, त्याला किमान दराच्या जवळचा भाव मिळतो, आणि भाडं अंगावर पडतं. मथळ्यात सर्वसाधारण दर घ्या. खाली चारही रकाने, आर्द्रतेबद्दल अडत्याने सांगितलेलं, कालच्याशी फरक आणि त्या हंगामाचा हमीभाव द्या. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. शेजारी हा आकडा असला की वाचकाला स्वतःच हिशेब करता येतो. हा तक्ता रोज एकाच वेळी, एकाच रचनेत आला पाहिजे. दोन महिन्यांत लोक त्या वेळेला स्वतःहून येऊ लागतात.

रोज किती बातम्या? एकट्याने काम असेल तर एक तक्ता, दोन छोट्या बातम्या आणि आठवड्याला एक सविस्तर बातमी. दिवसाला पंधरा टाकायला निघालात की चौदा उचललेल्या असणार.

पानासाठी लिहिणं आणि पडद्यासाठी लिहिणं

छापील सवयी बदलाव्या लागतात. ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’ हे शब्द काढून टाका. पेपर त्याच दिवशी वाचला जातो, पण लिंक महिन्यानेही पुढे पाठवली जाते. ‘उद्या पाणी नाही’ ही तीन आठवडे जुनी बातमी फिरत राहिली तर नगरपरिषदेचा फोन तुम्हालाच येणार. ‘गुरुवारी, १२ मार्च रोजी’ असं लिहा.

गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा पहिल्याच उल्लेखात द्या. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. पेपरात जिल्ह्याचं पान असल्याने हे भागून जातं, वेबवर भागत नाही.

‘पाणीप्रश्न ऐरणीवर’, ‘नागरिकांतून संताप’, ‘एकच खळबळ’ हे मथळे कॉलमची रुंदी भरायला चालत होते. पडद्यावर मथळा एकटाच फिरतो, त्यामुळे काय, कुठे, कधी हे त्यातच हवं. ‘प्रभाग चारमध्ये गुरुवारी पाणी नाही, जलवाहिनीचं काम रात्री आठपर्यंत’ असा मथळा वाचून पुढचं न वाचणाऱ्यालाही उपयोग होतो. आणि तसे वाचक पुष्कळ असतात. त्यांच्यावर रागवायचं नाही, त्यांच्यासाठीही लिहायचं.

चालू घटना असेल तर पाच ओळींची बातमी टाका आणि त्याच लिंकवर भर घाला. प्रत्येक भरीला वेळ लिहा. दर तासाला नवी लिंक काढली तर जुन्या, अपुऱ्या माहितीच्या लिंका गटांमध्ये फिरत राहतात, आणि मृतांचा आकडा तीन ठिकाणी तीन दिसतो.

डेस्कची खुर्ची

आता मुख्य काम. प्रत्येक बातमी टाकण्याआधी ती दुसऱ्या माणसाने वाचली पाहिजे, मग तो सहकारी असो, निवृत्त शिक्षक असो की घरातलं कुणी. शक्यच नसेल तर मजकूर लिहून वीस मिनिटं बाजूला ठेवा आणि मोठ्याने वाचा. वाचताना हे प्रश्न विचारा: प्रत्येक नाव कुठून आलं? रक्कम कागदावर बघितली की कुणी सांगितली? ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केला का, किती वाजता, तो काय म्हणाला? ‘प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य खरोखर फोन आणि संदेश केल्यावरच लिहायचं, आणि त्या संदेशाची प्रत ठेवायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो किंवा व्हिडिओ कधीच तसाच टाकू नका. गूगल लेन्सवर तो आधी कुठे आला आहे ते बघा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, एसटीवरचं आगाराचं नाव, हवामान बघा. पाऊस नसताना पूर कसा? पाठवणाऱ्याला विचारा की तुम्ही स्वतः काढला का. हो म्हणाला तर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सअ‍ॅप तारीख आणि ठिकाणाची आतली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती बहुधा शिल्लक राहते.

पोलिसांच्या प्रेसनोटमधला माणूस संशयित असतो. ‘चोरटा जेरबंद’ असं लिहिलं आणि वर्षाने तो निर्दोष सुटला, तरी तुमची लिंक त्याच्या नावाने पहिली दिसत राहते. ‘या आरोपावरून गुन्हा दाखल’ एवढंच लिहा, आणि निकाल लागल्यावर त्याच बातमीत भर घालण्याची नोंद ‘पुढे काय झालं’ अशा वेगळ्या वहीत ठेवा. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते. साध्या कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षं.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं. पॉक्सोमध्ये नुसतं नाव नव्हे, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही वर्ज्य आहे. दोनशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव दिलं आणि ‘सातवीत शिकणारी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिथे फक्त तालुका लिहा. आरोपी नातेवाईक असेल तर त्याचं नाव दिल्यानेही मुलीची ओळख फुटते, म्हणून तेही नाही. व्हिडिओत आणखी सांभाळावं लागतं: आईचा चेहरा झाकला पण आवाज तसाच, घराचा दरवाजा दिसतो, लघुचित्रावर (थंबनेलवर) गावाची कमान, खाली हॅशटॅगमध्ये गावाचं नाव. प्रसिद्ध करण्याआधी या चारही जागा तपासा. आणि प्रतिक्रियांमध्ये कुणी नाव लिहिलं तर ते तुमच्याच पानावर आहे. अशा बातमीखाली प्रतिक्रिया बंद ठेवा.

शेतकरी किंवा विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी देताना पद्धत, चिठ्ठी, फोटो देऊ नका, एकच कारण ठोकून सांगू नका, आणि शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक द्या.

चूक झालीच तर बातमी गुपचूप काढू किंवा बदलू नका. वर ‘दुरुस्ती’ असं लिहून काय चुकलं होतं, काय बरोबर आहे आणि किती वाजता बदललं ते सांगा. ज्या गटांमध्ये चुकीची लिंक टाकली त्याच गटांमध्ये दुरुस्तीही टाका.

नियम, आणि नसलेल्या नोंदण्या

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१, फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, आणि त्यांचा तिसरा भाग डिजिटल बातम्या देणाऱ्यांसाठी आहे. करायचं ते असं: भारतात राहणारा एक तक्रार निवारण अधिकारी नेमायचा (एकट्याच्या पोर्टलवर हे काम शक्यतो दुसऱ्या कुणाकडे द्यावं), त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर ठळक ठेवायचा, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा, प्रसिद्ध मजकुराची नोंद किमान ६० दिवस जपायची, आणि काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती द्यायची. नियम ९ च्या पोटनियम १ आणि ३ ला (आचारसंहिता पाळणं आणि तक्रार निवारणाची तीन पातळ्यांची रचना) मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. तरी तक्रार अधिकाऱ्याचं पान ठेवाच. चिडलेला माणूस वकिलाकडे जाण्याआधी तिथे येतो.

मंत्रालयाला माहिती देणं म्हणजे परवाना किंवा मान्यता मिळणं नव्हे. प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यातली नोंदणी नियतकालिकांची असते, बातम्यांच्या पोर्टलची नाही. उद्यम नोंदणी ही व्यवसायाची नोंदणी आहे, ती मोफत होते, आणि तिचा पत्रकारितेशी संबंध नाही. त्यामुळे ‘शासनमान्य न्यूज चॅनेल’ असं ओळखपत्रावर किंवा गाडीवर लिहू नका, आणि अशी ओळखपत्रं पैसे घेऊन वाटू तर मुळीच नका. या प्रकाराने तालुक्यातल्या प्रामाणिक पत्रकारांची पत घालवली आहे.

व्हिडिओ

मोबाइल पुरेसा आहे. पैसे आधी माइकवर खर्च करा. हलणारं चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारा आवाज नाही. कॉलरला लावायचा माइक आणि त्यावर वारा अडवणारा फरचा बोळा. बाजार समितीच्या लिलावात किंवा मोर्च्यात त्याशिवाय काही ऐकू येत नाही. बोलायला सुरुवात करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका. माइक जोडलेला आहे पण फोन स्वतःचाच आवाज घेतोय, हे तिथेच कळतं.

१०८० पिक्सेल, सेकंदाला ३० चौकटी एवढी प्रत ठेवा. एका मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जागा लागते, म्हणजे अर्ध्या तासाच्या सभेला चार जीबीपर्यंत. निघण्याआधी जागा रिकामी करा. लांब व्हिडिओ आडवा, शॉर्ट्स (यूट्यूबचा छोटा व्हिडिओ) उभा. शॉर्ट्सची कमाल मर्यादा तीन मिनिटं. प्रत्येक ठिकाणी आधी न बोलता पाच-सहा दृश्यं दहा-दहा सेकंदांची घ्या: लांबून जागा, पाटी, माणसं, हात, कागद. संकलनात हीच कामी येतात.

दुसऱ्या वाहिनीचं फुटेज, सिनेमातलं संगीत वापरू नका. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक पडले की चॅनेल जाऊ शकतं, आणि तिसरा स्ट्राइक वर्षभर जुन्या व्हिडिओवरही येतो.

व्हॉट्सअ‍ॅप

तालुक्यात बातमी बहुतांशी इथूनच पोचते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच संदेश जातो. गटात १०२४ पर्यंत सदस्य मावतात, पण तिथे सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात. महिला वाचक त्यामुळे बाहेर पडतात. चॅनेलमध्ये इतर सदस्यांना नंबर दिसत नाही, म्हणून मोठ्या वाचकवर्गासाठी चॅनेल ठेवा. बातम्यांसाठी वेगळा नंबर घ्या. दिवसाला दोनच संदेश, सकाळी एक, संध्याकाळी एक, प्रत्येकात चार-पाच मथळे आणि लिंका. प्रत्येक बातमीला वेगळा संदेश पाठवलात की लोक आवाज बंद करतात.

पैसे

अ‍ॅडसेन्स (संकेतस्थळावर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची सेवा) मराठीला चालतं. खात्यात १० डॉलर झाले की पत्त्याच्या पडताळणीचा पिन पोस्टाने येतो, आणि १०० डॉलर झाल्यावर पैसे मिळतात. तालुक्यापुरत्या वाचकसंख्येवर तिथवर पोचायला महिने लागू शकतात. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दृश्यं (व्ह्यूज) लागतात. हे दोन्ही जोडउत्पन्न धरा.

खरं उत्पन्न स्थानिक जाहिरातीचं: कृषी सेवा केंद्र, दवाखाना, शाळाप्रवेश, मंगल कार्यालय, दागिन्यांची पेढी. छापील कॉलम-सेंटिमीटरचा हिशेब विसरा. महिन्याचा एक दर ठरवा आणि त्यात काय मिळेल ते लिहून द्या: बाजारभावाच्या तक्त्याखाली रोज पट्टी, सकाळच्या संदेशात एक ओळ, महिन्याला एक व्हिडिओ. महिनाअखेर किती लोकांनी पाहिलं त्याचा स्क्रीनशॉट न मागता पाठवा. दरपत्रक सगळ्यांना एकच ठेवा. पैसे आगाऊ घ्या, छापील काळातली उधारी इथे आणू नका.

पैसे घेऊन दिलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं मथळ्याच्याच आकारात लिहा. बातमीबद्दल आणि जाहिरातीबद्दल एकाच फोनवर बोलू नका. शक्य असेल तर जाहिरातीचं काम दुसऱ्या माणसाकडे द्या. ज्याच्याविरुद्ध बातमी चालू आहे त्याची जाहिरात ती बातमी संपेपर्यंत घेऊ नका. बातमी थांबवण्यासाठी पैसे मागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरू शकतं. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत राजकीय जाहिरात घेताना, अशा जाहिराती आधी तपासणाऱ्या प्रमाणन समितीचं पत्र उमेदवाराकडून आधी मागा. संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनाही ते लागतं.

डिजिटल जाहिरात सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. छापील जागेचा दर ५ टक्के आहे, त्यामुळे जुने जाहिरातदार फरक विचारतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नसतो. बिलाला क्रमांक, पॅन आणि वेगळं बँक खातं पहिल्या महिन्यापासून ठेवा.

महिन्याअखेरचं काम

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन तास काढा. संकेतस्थळाचा बॅकअप उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि तीन महिन्यांतून एकदा तो उघडतो का ते करून बघा. आलेल्या तक्रारी आणि केलेल्या दुरुस्त्या एका पानावर लिहा. ‘पुढे काय झालं’ या वहीतली गेल्या वर्षीच्या याच महिन्याची पानं उलटा. त्यातून पुढच्या महिन्याच्या चार बातम्या निघतात. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोन मोबाइलांत टाकून ठेवा, एक तुमच्या आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या. खात्याचे पासवर्ड आणि ईमेल कुठे लिहून ठेवलेत, हेही त्या दुसऱ्या माणसाला माहीत असू द्या.